वॉर्डमधल्या डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी चित्र, गाणं, हातकाम: काय न्यावं, काय नेऊ नये?

शेवंती_फोंडा

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या फोंड्याच्या आम्ही सहा जणी चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) एका हॉस्पिटलात आठवड्यातून दोन सकाळी जाणार आहोत. मेडिसिन आणि ऑर्थो (हाडांचा) अशा दोन्ही वॉर्डांची परवानगी मिळाली आहे. स्मृतिभ्रंश असलेले चार-पाच वयस्क रुग्ण तिथे बहुतेक वेळा असतात. कुणी न्यूमोनियाने आलेलं, कुणी लघवीच्या संसर्गाने, कुणी खुब्याचं हाड मोडून. सगळे सत्तरीच्या पुढचे. काही खाटेवरच असतात, काहींना खुर्चीत बसवतात. एकूण वेळ पाऊण तास.

आमच्या यादीत सध्या जलरंग, कणकेची माती, रांगोळी, अबोलीच्या फाती (गजरे) गुंफणं, आरत्या आणि नाट्यगीतं आहेत. हे सगळं घरच्या माणसांसाठी ठीक आहे. पण सलाइन लावलेल्या, दिवस-वेळेचं भान नसलेल्या माणसाच्या खाटेशी यातलं काय चालेल? एकाला किती वेळ द्यायचा? ब्रश तोंडात घातला तर? तेच तेच गिरवत राहिले तर? नेमकं सांगाल तर फार मदत होईल. "प्रेमाने करा" हे माहीत आहे, त्याच्या पुढचं हवं आहे.

हातकाम_म्हापसा (व्यवसायोपचार)

शेवंतीताई, साहित्याच्या आधी टेबल बघा. रुग्ण "करत नाही" असं जे वाटतं, त्यातलं पुष्कळसं मांडणीमुळे झालेलं असतं.

खाटेवरच्या माणसाची पाठ जितकी सरळ करायला परवानगी असेल तितकी करून घ्या (हे काम सिस्टरांकडून, खाट वर-खाली करायचा दांडा स्वतः फिरवू नका). अर्धवट आडवा माणूस छताकडे बघतो, कागदाकडे नाही. कार्डिअॅक टेबल (खाटेवर आडवं सरकवतात ते) कोपराच्या उंचीला आणा. ते छातीपर्यंत वर राहिलं तर खांदे उचलून काम करावं लागतं आणि पाच मिनिटांत हात गळतो. खुर्चीत बसलेल्यांचे पाय जमिनीला टेकलेले हवेत. पाय लोंबत असले तर सगळं लक्ष न घसरण्याकडे जातं.

आता कागद. पांढरी चादर, फिकट टेबल आणि त्यावर पांढरा कागद, म्हणजे म्हाताऱ्या डोळ्याला कागदाची कडच दिसत नाही. मग रेघ टेबलावर जाते आणि आपण समजतो की त्यांना कळत नाही. काळ्या किंवा गडद निळ्या कार्डशीटला लॅमिनेट करून घ्या, साधारण ३० बाय ४५ सेंटिमीटर. त्यावर ए-फोरचा किंवा त्याच्या निम्मा जाड कागद, २०० जीएसएमच्या (कागदाच्या जाडीचं माप) वरचा. चारही कोपरे मायक्रोपोर टेपने चिकटवा. एका हाताला सलाइनची सुई असते, त्यामुळे कागद धरायला दुसरा हात नसतो. कागद सरकला की काम तिथेच संपतं.

ब्रश चपटा, १२ नंबरचा. बारीक दांडी संधिवाताच्या बोटांत बसत नाही. एसीच्या तांब्याच्या पाइपवर जो काळा फोम चढवतात, त्याचा दहा सेंटिमीटरचा तुकडा दांडीवर सरकवा. हाताला कंप असेल तर फोमच्या आत दांडीभोवती दोन-तीन मोठे वॉशर टेपने पक्के बांधा, वजनामुळे काहींचा हात स्थिर होतो. हा फोम प्रत्येक रुग्णाचा वेगळा.

जलरंगाच्या वड्या नकोत. त्यात पाणी, वडी, ब्रश, कागद अशा चार पायऱ्या होतात आणि दुसऱ्या पायरीवर माणूस हरवतो. पोस्टर रंग दह्याइतका घट्ट काढून पसरट झाकणात द्या, एका वेळी दोनच. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळसर होतं. त्यामुळे निळा, जांभळा, हिरवा एकमेकांत मिसळतात आणि फिक्या छटा दिसतच नाहीत. लाल, पिवळा, नारिंगी, गडद तपकिरी हे दिसतात. पाण्याचा पेला अजिबात ठेवू नका. पेला दिसला की माणूस पितो, आणि त्यात चूक त्याची नाही. सपाट डबीत ओला स्पंज ठेवा, ब्रश त्यावरच पुसायचा.

तुम्ही समोर बसू नका, बाजूला तिरकं बसा. समोरून दाखवलेली हालचाल मनात उलटी करून घ्यावी लागते, तेवढी शक्ती उरलेली नसते. एका वेळी एकच सूचना, तीही बोलून आणि करून दाखवून. मग मनात दहा आकडे मोजा. आपण तीन सेकंदांत तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत परत सांगतो आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून अर्थ लावावा लागतो. "काय काढायचंय?" असा मोकळा प्रश्न अवघड पडतो. दोन डब्या पुढे धरून कोकणीत "तुमकां खंयचो रंग जाय?" (तुम्हाला कुठला रंग हवा?) एवढंच विचारा. उत्तर बोटाने आलं, नजरेने आलं, तरी चालतं. घरात जी भाषा बोलली जाते तीच खाटेशी हवी. मागून शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते.

ब्रश हातात धरला, कागदापर्यंत नेला आणि तिथेच थांबला, हे सर्रास दिसतं. इच्छा असते, सुरुवात होत नाही. अशा वेळी त्यांचा हात वरून पकडून ढकलू नका. आपला हात त्यांच्या तळव्याखाली द्या, म्हणजे त्यांचा हात आपल्या हातावर विसावतो, आणि पहिली रेघ अर्धी न्या. उरलेली बहुतेक वेळा ते स्वतः नेतात. वरून धरलेल्या हाताला विरोध होतो, कारण ते पकडल्यासारखं वाटतं.

तेच तेच गिरवण्याबद्दल: मेंदूचा पुढचा भाग हालचाल थांबवण्याची आज्ञा देतो. ती आज्ञा क्षीण झाली की एकच जागा कागद फाटेपर्यंत रंगवली जाते. "पुरे आता" म्हणून उपयोग होत नाही. कागद अर्धा फिरवा म्हणजे कोरी जागा ब्रशखाली येईल, किंवा ब्रश बदलून दुसऱ्या रंगाचा द्या. आणि गिरवण्यात त्यांना स्वस्थ वाटत असेल, चेहरा सैल असेल, तर थांबवायचं कशाला? जाड कागद दिलाच आहे.

नमुना शेजारी ठेवून "असं काढा" म्हणू नका. अल्झायमरमध्ये नक्कल करताना हात हळूहळू नमुन्याकडे ओढला जातो आणि माणूस नमुन्यावरच काढायला लागतो. हे आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. नमुना दाखवायचाच तर दाखवून लगेच बाजूला ठेवा.

उजव्या मेंदूला झटका आलेल्यांचं डावीकडचं लक्ष सुटतं, ते अर्धाच कागद रंगवतात. रंग उजवीकडे ठेवा, कागदाच्या डाव्या कडेला लाल टेपची जाड पट्टी लावा. डिमेन्शियाच्या लुई बॉडी प्रकारात रुग्णांना समोर नसलेल्या आकृत्या दिसतात, त्यांच्यासमोर फुलाफुलांची चादर किंवा नक्षीचा टेबलक्लॉथ नको, साधा एकरंगी हवा.

एका माणसाला वीस मिनिटं पुष्कळ झाली. पाऊण तासात दोघं, जास्तीत जास्त तिघं. सहा जणी एका खाटेभोवती उभ्या राहू नका. एका रुग्णापाशी एकच जण, दुसरीने मागे साहित्य सांभाळावं.

वॉर्ड_सिस्टर_बांबोळी

वरचं सगळं बरोबर आहे. मी वॉर्डच्या बाजूने सांगते, त्यातलं काही कडक वाटेल.

आल्या आल्या खाटेकडे जायचं नाही. नर्सिंग स्टेशनवर विचारायचं: आज आयसोलेशनमध्ये कोण, ऑक्सिजनवर कोण, कुणाचं तोंडावाटे सगळं बंद आहे, गिळायला त्रास कुणाला, रात्री झोप कुणाची झाली नाही, वेदनेचं औषध कधी दिलंय. खुब्याच्या रुग्णाला दुखत असेल तर तो "दुखतंय" म्हणणार नाही, तो ब्रश फेकेल. औषध दिल्यानंतर पाऊण-एक तासाने त्याच्याकडे जा.

सर्वात महत्त्वाचं. काल बोलणारी आजी आज गुंगीत आहे, किंवा हवेत काहीतरी वेचतेय, एकदम बदलली आहे, तर तो डिमेन्शिया वाढलेला नसतो. तो बहुतेक डिलिरियम, म्हणजे आजारामुळे अचानक आलेला गोंधळ. त्याचं कारण संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, एखादं औषध, यांपैकी काहीही असू शकतं. अशा दिवशी रंगांची पेटी उघडायची नाही, आम्हाला लगेच सांगायचं. तुम्ही एकाच माणसापाशी वीस मिनिटं शांत बसता, त्यामुळे हा बदल कधी कधी आमच्याआधी तुम्हाला दिसेल.

तुमचं काम "वेळ घालवायला" आहे असं कुणी म्हटलं तर त्यांना सांगा: अमेरिकेत येल इथे सत्तरीच्या पुढच्या ८५२ रुग्णांवर झालेला आणि १९९९ साली छापून आलेला अभ्यास आहे. त्यात दिवस-वेळेची आठवण देणं, गप्पा-आठवणी-शब्दखेळ, झोप जपणं, चालवणं, चष्मा-श्रवणयंत्र लावणं, पाणी पाजणं हे सगळं एकत्र केलं, आणि डिलिरियम होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. म्हणून जाताना एवढं करा: चष्मा लॉकरमधून काढून पुसून लावा, श्रवणयंत्र चालू आहे का बघा, आणि पाणी चालत असेल तर सिस्टरांना विचारून दोन घोट पाजा. निम्मी चित्रकला तिथेच होते.

आता तुमची यादी.

कणकेची माती नको. त्यात दोन वाट्या पिठाला वाटीभर मीठ असतं. विसराळू माणूस ती खातो, आणि एवढं मीठ पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम चढून जिवावर बेतू शकतं. कुंभाराची ओली मातीही नको, जखमा आणि सुया असलेल्या हातांना ती चालत नाही. दाबायला-मळायला काही द्यायचं तर रुग्णाचा स्वतःचा धुतलेला जाड टॉवेल घडी घालायला, पिळायला, गुंडाळायला द्या. चार नॅपकिन वेगळ्या रंगांचे आणा, बायकांचे हात आपोआप घड्या घालायला लागतात.

रांगोळीची पूड वॉर्डमध्ये आणूच नका. ती श्वासात जाते, डोळ्यांत जाते आणि लादीवर सांडली की कुणीतरी घसरतं. काळ्या कार्डशीटवर जाड खडूने ठिपके-रेघा काढता येतात, खडू ओला करून घेतला तर धूळही उडत नाही आणि रेघ पांढरीशुभ्र उमटते.

ताजी फुलं: आयसीयू, केमोचे रुग्ण, उघड्या जखमा, इथे मुळीच नाही. जनरल वॉर्डमध्येही इन्चार्ज सिस्टरांच्या परवानगीनेच, आणि फुलदाणीत पाणी घालून ठेवायची नाहीत. त्या पाण्यात जंतू वाढतात.

तोंडात घालण्याचं उत्तर एकच: मुठीत पूर्ण लपेल अशी कुठलीही वस्तू खाटेवर द्यायची नाही. मणी, सुपारी, बटणं, खोडरबर, टोपणं. ब्रशचं टोक तोंडात गेलं तर ओढू नका, ओरडू नका. दुसरी वस्तू, त्यांच्या ओळखीची, दुसऱ्या हातात द्या, पकड सुटते. रंग "नॉन-टॉक्सिक" लिहिलेलाच घ्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. गिळायचा त्रास असलेल्याच्या घशात रंग उतरला तर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो.

समई, कापूर, उदबत्ती नाही. वॉर्डमध्ये ऑक्सिजन असतो. आरती म्हणायची तर ज्योतीशिवाय.

साहित्य मोजून आत, मोजून बाहेर. कात्री, टाचणी, सुई पिशवीतसुद्धा नको. प्रत्येक रुग्णाची झिपची वेगळी पिशवी करा, त्यात त्याचाच ब्रश, त्याचाच कागद. तो घरी गेला की पिशवी त्याच्याबरोबर. एकाचा ब्रश धुऊन दुसऱ्याला, हे नाही. दोन रुग्णांच्या मध्ये हात सॅनिटायझरने, रंग लागले असतील तर साबणाने.

वेळ सकाळी डॉक्टरांचा राउंड आणि नाष्टा झाल्यावर, दहा ते साडेअकरा. दुपारी चारनंतर नको. संध्याकाळ झाली की अस्वस्थता वाढते, "घरी जायचंय" सुरू होतं.

फोटो: रुग्णाची आणि घरच्यांची स्पष्ट परवानगी असल्याशिवाय एकही नाही. चित्राचासुद्धा, त्यावर नाव असेल तर. परवानगी आहे असं वाटलं तरी चेहरा सोशल मीडियावर टाकू नका. ज्याला आपण कुठे आहोत हे कळत नाही, त्याची लाज आपण राखायची.

शेवंती_फोंडा

सिस्टर, हातकाम, दोघांचे मनापासून आभार. मीठाची गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही नव्हती. यादीतून कणीक, रांगोळी, फुलं, पेला सगळं काढलं.

मग प्रश्न उरतो, पावसातले चार महिने काय करायचं? कागद वाळत नाही, पोस्टर रंग चिकट राहतो. आणि कोऱ्या कागदासमोर जे घाबरतात, "मला चित्र येत नाही" म्हणतात, त्यांना काय द्यायचं?

गेरू_चुना

दोन्ही प्रश्नांना एक उत्तर आहे: खरवडपट्टी. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी असते, पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर देऊन तो खरवडायचा आणि खालचा पांढरा उघडा करायचा. तीच रीत कार्डावर. रंगाचं सगळं ओलं काम घरी होतं, वॉर्डमध्ये येतं ते कोरडं कार्ड.

३०० जीएसएमचं पांढरं कार्ड, १५ बाय २० सेंटिमीटर. त्यावर पांढरा मेणखडू किंवा साधी मेणबत्ती दाबून घासा, आधी उभी, मग आडवी, बोट फिरवलं की सगळीकडे गुळगुळीत लागेपर्यंत. हेच काम लोक घाईत करतात. जिथे मेण राहिलं नाही तिथे रंग कागदात शिरतो आणि कितीही खरवडलं तरी पांढरी रेघ निघत नाही. त्या माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

मग गेरूच्या रंगाचा पोस्टर रंग. दोन चमचे रंगात भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब. त्याशिवाय रंग मेणावर थेंब थेंब होऊन गोळा होतो. लिक्विड जास्त पडलं तर वाळल्यावर थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि चादरभर पडतो. पाणी घालू नका. एक हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा. उन्हाळ्यात दोन-तीन तासांत वाळतो, जुलै-ऑगस्टात पंख्याखाली पूर्ण एक दिवस ठेवा. वाळलाय की नाही हे नखाने कोपऱ्यावर ओढून बघा: कोरडी भुकटी निघाली तर झालं, लांब चिकट दोरा निघाला तर अजून नाही. तयार कार्डं घट्ट झाकणाच्या डब्यात, मध्ये बटर पेपर घालून. उघडी ठेवली तर आपल्या हवेत आठवड्यात बुरशी धरतात.

खरवडायला आइस्क्रीमची लाकडी काडी, एक टोक तिरकं कापून सँडपेपरने गोल केलेलं. टोकदार काहीही नको. काडीच्या दुसऱ्या टोकाला वर सांगितलेला फोम.

हे का चालतं ते बघा. कार्ड आधीच भरलेलं असतं, कोरेपणाची भीती नाही. हात कसाही हलला, थरथरला, तरी तांबड्यावर पांढरी रेघ लख्ख उमटते. ही जोडी म्हाताऱ्या डोळ्यांनाही ठळक दिसते. चुकीची रेघ अशी नसतेच. जो तेच तेच गिरवतो, त्याची पांढरी जागा मोठी होत जाते आणि तीही छान दिसते. काडी मेणात शिरताना एक बारीक "खर्र" असा आवाज आणि हाताला थोडा अडथळा जाणवतो, आणि तेवढ्यावर काही जण मान वर करून आपल्याकडे बघतात.

काय बिघडतं? तळहाताच्या घामाने रंग विरघळून हात तांबडा होतो. काही रुग्ण ते रक्त समजून घाबरतात, म्हणून मनगटाखाली कागदाची पट्टी ठेवाच. आणि त्याच कारणाने ज्यांना भास होतात त्यांना गेरूऐवजी काळा किंवा गडद निळा थर द्या. भुकटी पडते, म्हणून कार्ड काठ असलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. झाल्यावर ओल्या कापडाने ट्रे पुसा, फुंकर मारू नका.

एक विनंती. कार्डावर आधी पेन्सिलने तुळस, मोर, कमळ काढून "यावरून खरवडा" असं करू नका. छापील रेघेबाहेर काडी गेली की चूक झाल्यासारखं वाटतं, आणि आपण नेमकं तेच टाळायला निघालो होतो. फार तर कडेने एक चौकट खरवडून द्या.

घुमट_मडगाव

गाण्यांवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

माणसाला आयुष्यातला साधारण दहा ते तीस वर्षांमधला काळ जास्त घट्ट आठवतो. १९४३ साली जन्मलेल्या बाईसाठी तो १९५३ ते १९७३. म्हणजे तिची शाळा पोर्तुगीज अमलातली, गोवा मुक्त झाला तेव्हा ती अठराची, पणजीचं रेडिओ स्टेशन एमिसोरा म्हणून ओळखलं जात होतं. तिला "जुनी गाणी" म्हणून आपल्या लहानपणीची नव्वदच्या दशकातली ऐकवली तर ती तिला नवीच. आधी जन्मसाल विचारा, मग गाणी निवडा. घरच्यांकडून पाच गाणी लिहून घ्या आणि एक प्रश्न आवर्जून विचारा: कुठलं गाणं लावायचं नाही? एखादं भजन कुणाच्या तरी मरणाशी जोडलेलं असतं. ते लागलं की ती का रडते हे तिला सांगता येत नाही.

आणि सगळ्यांना आरतीच हवी असं धरून चालू नका. शेजारच्या खाटेवर लदाईन (ख्रिस्ती प्रार्थना) आणि मांडो (गोव्यातली ख्रिस्ती समाजाची कोकणी गाणी) ऐकत वाढलेली बाई असेल. घुमट (तोंडावर चामडं ताणलेलं मातीचं वाद्य) मात्र दोघांचंही आहे, आरतीलाही आणि मांडोलाही.

घुमटाचं आणखी एक आहे. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. म्हणून कासाळं, झांज, टाळ यांचा एक तर नाद पोचत नाही, नाही तर एकदम कानात खुपतो. अशा कानात मंद आणि मोठा यांच्यामधलं अंतर फार थोडं उरतं. घुमटाचा खालचा "घूम" पोचतो, आणि पोटाशी धरला तर अंगालाही कळतो. पण मातीचं भांडं खाटेवर द्यायचं नाही, पडलं तर फुटतं आणि धारदार खापऱ्या होतात. चामड्याला सॅनिटायझर लावला तर ते ताठ होऊन चिरतं. तेव्हा घुमट डे-रूममध्ये (वॉर्डच्या बसायच्या खोलीत), वाजवणारा तुमच्यातला, रुग्णाचा तळवा फक्त बाहेरून मातीच्या अंगाला लावायचा. विकत घेताना बकरीच्या चामड्याचंच घ्या. पूर्वी घोरपडीचं असे, ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. खाटेवर ताल द्यायला बुटाचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका द्या, दुसऱ्या रुग्णाला नवा खोका.

गाताना मूळ चालीपेक्षा सावकाश आणि दोन सूर खाली गा. पहिली ओळ तुम्ही म्हणा, दुसऱ्या ओळीचा पहिला शब्द म्हणून थांबा. शेवटचा शब्द त्यांच्या तोंडून येतो, कारण पाठ झालेलं गाणं आणि ऐनवेळी वाक्य जुळवणं ही मेंदूची वेगवेगळी कामं आहेत. ज्याला मुलाचं नाव सांगता येत नाही त्याला नांदी पूर्ण म्हणता येते. म्हणून "बघा, सगळं आठवतंय की!" असं घरच्यांनी म्हणू नये, त्या आशेचा दोघांनाही त्रास होतो.

मोबाईलवर लावणार असाल तर कानात खुपसायचे इअरफोन नकोत, कानावर बसणारे हेडफोन हवेत, त्याला प्रत्येक रुग्णाचं वेगळं कापडी आवरण. आवाज अगदी कमी ठेवून सुरू करा, तीस सेकंद चेहरा बघा, मग वाढवा. मधे जाहिरात वाजणाऱ्या अॅपवर गाणी लावू नका. भजनाच्या मध्येच अनोळखी माणूस मोठ्याने ओरडला की माणूस दचकतो आणि हेडफोन पुन्हा लावू देत नाही. गाणी आधी उतरवून घ्या. आंघोळ, ड्रेसिंग, कपडे बदलणं यांच्या दहा मिनिटं आधी गाणं लावलं तर पुढचं काम सोपं होतं, हे सिस्टरांशी ठरवून करा.

फुगडी-धालो (बायकांचे गाण्यांवरचे नाच) बसून करता येतात, हातांच्या लयीने. पण खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना कमरेतून पुढे वाकवायचं नाही. फिजिओला विचारल्याशिवाय तर नाहीच.

हातकाम_म्हापसा

गेरू_चुना, खरवडपट्टी उत्तम. तळव्याला लागलेला तांबडा रंग रक्त वाटतो हे लिहिलंत, फार बरं केलंत.

सिस्टर, फातींबद्दल मात्र थोडं वेगळं मत. फुलं नकोत हे मान्य, पण गुंफणं सोडू नये. अबोलीच्या फाती आयुष्यभर गुंफलेल्या हातांत ती हालचाल इतकी मुरलेली असते की दोरा हातात आला की अंगठा आपोआप फिरतो. नारिंगी सुती कापडाच्या पट्ट्या कापा, दीड सेंटिमीटर रुंद, वीस सेंटिमीटर लांब. एवढी पट्टी मुठीबाहेर लोंबत राहते, पूर्ण लपत नाही. केळीच्या दोऱ्याऐवजी जाड सुती नाडा, टेबलाच्या कडेला टेपने चिकटवलेला, चाळीस सेंटिमीटरपेक्षा लांब नको, कारण लांब नाडा गळ्यात अडकू शकतो. पट्टी नाड्यावर ठेवायची, वेढा, ओढ. पट्ट्या एकेक करून हातात द्या, ढीग समोर नको. पूर्ण वेळ शेजारी बसायचं आणि उठताना नाडा बरोबर घ्यायचा.

वॉर्ड_सिस्टर_बांबोळी

नाडा टेबलाला पक्का, लांबी ठरलेली, आणि कुणीतरी शेजारी असेल, तर हरकत नाही. ज्यांना हातात येईल ते तोंडात घालायची सवय लागली आहे, त्यांना तेवढं टाळा. डिमेन्शियाच्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात ही सवय जास्त असते, केस पेपरवर निदान लिहिलेलं असतं.

आठवणींची_पेटी

फोटो आणि गप्पांबद्दल थोडं. फोटो ए-फोर आकाराचा, मॅट कागदावर. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते आणि फक्त पांढरा पट्टा दिसतो. एका फोटोत एकच विषय: फेरीबोट, नाटकाचा पडदा, चुलीवरचं मडकं, नारळ किसायची आदोळी, चवथीची माटोळी (गणपतीवर टांगतात ती रानफळांची सजावट). एस्कुदोचं (पोर्तुगीज काळातलं) खरं नाणं आणू नका, तोंडात जातं. त्याचा मोठा फोटो आणा.

"हे आठवतं का?", "हा कोण, सांगा बघू?" हे प्रश्न परीक्षेचे आहेत. उत्तर नाही आलं की मान खाली जाते आणि पुढची दहा मिनिटं फुकट. "ही फेरी किती भरलीय!" एवढं म्हणून थांबा. बोलायला जागा मिळाली की बोलतात. मांडवीवरचा जुना पूल १९७० साली झाला आणि १९८६ साली कोसळला. कुणी अजून त्याच पुलावरून कामाला निघालं असेल, तर "तो पडला" सांगू नका. कुठे कामाला, बरोबर कोण, डब्यात काय, हे विचारा. माटोळीचा फोटोच पुरे. खऱ्या माटोळीत रानातली काही फळं विषारी असतात, वॉर्डमध्ये काहीही टांगू नका.

वासाच्या बाटल्या, तिरफळं, आमसुलं आणायचा मोह होईल. अल्झायमरमध्ये वास ओळखण्याची शक्ती लवकर कमी होते, त्यामुळे "कसला वास?" विचारू नका. आणि गिळायचा त्रास असेल तर चव कधीच देऊ नका.

जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत, जसंच्या तसं लिहून घ्या आणि त्यांना परत वाचून दाखवा. वाक्यं सुधारू नका. तोच कागद त्यांच्या झिपच्या पिशवीत.

शेवंती_फोंडा

शेवटचा एक प्रश्न. हात झटकून "नको" म्हणाले तर? पुन्हा विचारायचं का?

हातकाम_म्हापसा

एकदा "नको" म्हणजे त्या वेळेपुरतं नको. साहित्य नजरेआड करा, पाच मिनिटं नुसत्या शेजारी बसा, स्वतःचं कार्ड स्वतः खरवडत राहा, त्यांच्याकडे न बघता. बघावंसं वाटलं तर बघतील, हात पुढे आला तर दुसरी काडी तयार ठेवा. पुन्हा "नको" आलं तर उठा, "गुरुवारी येते" म्हणा आणि गुरुवारी या. केस पेपरबरोबर एक वही ठेवायला सिस्टरांना विचारा आणि त्यात तारीख, वेळ, काय पुढे केलं, किती मिनिटं, आधी आणि नंतर चेहरा-हात-आवाज कसा, एवढं दोन ओळींत लिहा. "नको"सुद्धा लिहा, वेळेसकट. तीन-चार वेळा तो एकाच वेळी आला असेल, तर त्या वेळी बहुधा त्यांना दुखत असतं, लघवीला जायचं असतं किंवा झोप आलेली असते.